परज

वडील लोखंडाला गंज धरू द्यायचे,
आणि मग अडवायचे त्याला नेमक्या वेळी,
भांडणातला शेवटचा शब्द
ओठांवरच अडवावा तसं.
नंतर चहाच्या काळ्या पाण्यात उकळी.
नंतर माझं काम. कापडाने घासत बसायचं,
हागीच्या थंडीत, समुद्राकडून वारा येत असताना.
स्थळं घेऊन येणाऱ्या बायका आईला विचारायच्या,
नुईचे हात असे तपकिरी का?

तळहाताएवढी चकती.
मूठ आणि पातं यांच्यामधला उंबरठा.
हात घसरू नये, एवढंच तिचं काम.
पण त्या एवढ्याशा अंगणात वडिलांनी
काय काय नाही नांदवलं!
काकडीसाठी हपापलेला काप्पा,
टाळूच्या खळग्यातलं पाणी न सांडता वाकलेला;
चहाच्या किटलीतून शेपूट बाहेर राहिलेला तानुकी;
गुळगुळीत भोपळ्याखाली मासा दाबू बघणारा म्हातारा,
ज्याला माझा काका स्वतःचं चित्र समजायचा.
आणि सशांची एक जोडी, लाटांवरून पळणारी.
मी विचारलं, बुडत नाहीत?
म्हणाले, चांदण्यात पाय ठेवतात.

फुवा गेन्नोजोची परज मात्र वेगळी.
पुढच्या अंगाला शोकी, भुतांचा कर्दनकाळ,
दाढी वाऱ्यावर, तलवार उपसलेली,
डोळे इतके वटारलेले की सोन्याचा कण मावला त्यात.
मागच्या अंगाला, गवताच्या टोपीखाली,
अंग चोरून बसलेला त्याचा राक्षस.
"धन्याला शोकी दिसेल, समोरच्याला राक्षस,"
वडील म्हणाले,
"आणि त्या दोघांना एकमेक कधीच नाही.
मध्ये पातं आहे."
अकरा वर्षं चालली ती आंधळी कोशिंबीर
फुवाच्या कमरेला.

मग मेइजीच्या नवव्या वर्षी फर्मान आलं.
तलवार लावून रस्त्यावर फिरायचं नाही.
फुवा आला तेव्हा कमरेची डावी बाजू
सारखी चाचपत होता,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तशी.
परज काढून त्याने ओट्यावर ठेवली.
योकोहामाचा एक दलाल डझनाने घेतो म्हणे,
परदेशी लोक त्यात सिगारची राख झाडतात.
"विकली तर तांदूळ पाठवा," म्हणाला,
आणि किंमत विचारली नाही.

शरदात गावात गोळीबार झाला.
फुवाच्या मुठीला त्या दिवशी
साधी लाकडी चकती होती, असं ऐकलं.
तांदूळ मी त्याच्या आईकडे पोचवला.
परज न विकताच.

कारण दलालाच्या खोक्यात भरताना
ती मी खिडकीकडे धरली होती.
पातं नाही. पात्याला कवटाळून बसणाऱ्या
तांब्याच्या चिपाही नाहीत.
नुसतं उभट भोक,
त्यातून मासळी वाळत घातलेली दोरी दिसत होती.
आणि भोकाच्या काठावर, मागच्या बाजूने,
जिथे कारागीर आपलं नाव कोरतो
आणि जिथे चिपांखाली कुणालाच काही दिसत नाही,
तिथे एक बोट.
नखासकट. राक्षसाचं.
टोपीखालून लांबवलेला हात
मी अकरा वर्षांपूर्वी घासला होता,
पण मला ती गवताची काडी वाटली होती.

काठ धरून, डोकावायच्या बेतात.

वडील तेव्हा कपाटांच्या कड्या करायला लागले होते.
मी परज त्यांच्यापुढे धरली, बोट दाखवलं.
हे कशासाठी?
त्यांनी कानस थांबवली नाही.
"हात घसरू नये म्हणून," म्हणाले.

ती आता हिशेबाच्या कागदांवर असते.
वाऱ्याच्या दिवशी शोकी वर ठेवते.
एरवी, राक्षस.